बेहड्याच्या आत

फाल्गुनातली पहाट. सह्याद्रीच्या नीलधूसर खांद्यावरून धुकं ओघळत होतं. हळदुलं, ओलं, अबोल. त्या धुक्यात कुसुंबळची राई उभी होती. पर्णघन, वेलीवेढली, शतकांची सावली पोटात घेऊन. वारा नव्हता, तरी पानं हलत होती.

राईच्या कडेला गाव जमलं होतं, धुतल्या सदऱ्यांत. पक्षी-अभ्यासक शर्वाणी केरकर आली होती. राईतले जीव नोंदवणार होती. तिच्या अहवालावर ठरायचं होतं, डोंगर राखीव की चिऱ्याच्या खाणीला मोकळा. धनेश पक्ष्याचं नांदतं घरटं असेल तर राखीव. म्हणून कालपर्यंत आभाळाकडे मान वर न करणारेही आज हात पसरून पंखांची लांबी दाखवत होते. एकाचा हात संपे, तिथे दुसऱ्याचा सुरू होई.

"आमी तेका गरुड म्हणतंव," सोमा गुरव म्हणाला. ग्रामदेवी सातेरीचा हा पुजारी मिशांत हसू लपवण्यात वाकबगार. "रोज येता. पावण्यांक बघून लाजता, इतक्याच."

"मला नाही लाजायचा, काका. त्याच्या माहेरचा आवाज घेऊन आलेय."

तिने यंत्र सुरू केलं. दूरच्या अरण्यात टिपलेली धनेशाची हाक राईत शिरली. घोगरी, गंभीर, दगडावर दगड घासल्यासारखी. राईने ती गिळली. क्षण गेला. आणि पर्णांधारातून उत्तर आलं.

तीच हाक. तेच गांभीर्य. पाठोपाठ थोर पंखांचा घोंघावता नाद.

"आसा! आसा!" गाव उसळलं. कुणी नारळ आणायला धावलं. शर्वाणीचे डोळे भरून आले. हा डोंगर तिलाही हवा होता. गावाला हवा त्याहून थोडा जास्तच, आणि कसलाही हात न पसरता.

हाक पुन्हा आली. हाक, पंख, आणि त्यांच्या मागोमाग...

खट्. खट्. खट्.

कुऱ्हाडीचे घाव. कुऱ्हाड कुणाच्याच हातात नव्हती.

वरच्या फांदीवर भृंगराज बसला होता. काजळकाळा, लखलखता, शेपटीच्या दोन लांब तारांना दोन पिसं लोंबलेली. रानातला नकलाकार तो. ऐकलेलं सारं, ऐकलं त्याच क्रमाने, त्याच्या कंठात राहतं. त्याने चोच उघडली. आधी धनेश बोलला, मग लाकूड तुटलं. पुन्हा धनेश. पुन्हा लाकूड.

"काका," शर्वाणी हळूच म्हणाली, "तोडलेलं झाड कुठलं?"

गावाने एकाएकी आपापली पावलं न्याहाळायला घेतली. सोमाच तेवढा चालू लागला.

देवळापुढे नवा मंडप, अजून रंगाचा वास असलेला. मागे गवतात बेहड्याचा बुंधा. पोकळ निघाला म्हणून टाकलेला. बुंध्यात ढोली, ढोलीच्या तोंडावर वाळलेलं लिंपण, लिंपणात बोटभर फट. धनेशाची मादी स्वतःला असंच आत कोंडून घेते, अंडी उबवते. बाहेरून नर फटीतून भरवत राहतो.

शर्वाणीने फटीला डोळा लावला. आणि लगेच काढला.

"मंडपासाटी आई सातेरीक कौल लावलो," सोमा म्हणाला. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा. उजवी पडली की होकार. "देवीन उजवो दिल्यान. माजा काय चुकला, बाईंनू?"

"आत कोण आहे, ते सांगितलं होतं तिला?"

मिशांतलं हसू विझलं. "झाड तोडूचा काय, इतक्याच इचारलंय."

"आणि नर?"

"येय होतो. ह्या पडलेल्या लाकडाक उंबराची फळा भरवी होतो. मगे येवचो बंद झालो."

धुकं विरत गेलं. सोमा हिशेबाने बोलला, "आवाज तर तेचोच मां? आसा म्हणान लिवा. डोंगार वाचतलो."

तिने लेखणी काढली नाही. तेव्हा त्याने देवीपुढे बसून पाकळ्या लावल्या, आणि विचारलं, धनेश आहे असं बाईंनी लिहायचं का. ऊन चढलं. पाकळ्यांचं पाणी वाळलं. उजवी पडली नाही, डावी पडली नाही. पाषाण पाषाणासारखा बसून राहिला.

"नाही लिहिणार, काका," शर्वाणी म्हणाली. "आज हा डोंगर वाचेल. उद्या माझ्या शब्दावर कुठलाच वाचणार नाही."

आणि तिने लिहिलं: धनेश नाही. दोनच शब्द, पण लिहिताना डोंगर तिच्या बोटांतून निसटत गेला, झाडाझाडाने, वेलीवेलीने.

सोमा उठला. उंबराखाली वाकला. पिकली, तांबडी फळं ओंजळीत घेऊन बुंध्यापाशी बसला, आणि एकेक फळ फटीशी ठेवू लागला. नवख्या हाताने, उशिराच्या मायेने. आतून कुणी घेतलं नाही.

राईतून हाक आली. घोगरी, गंभीर, जिवंत. मग पंख आले, आकाशभर, कुणाचेच नसलेले.

सोमाने डोळे मिटले. पुढचा आवाज त्याला ठाऊक होता.