रंग ओला आहे तोवर

मित्रांनो, माझ्या पोटावरची ही लाल फुली पाहून नाक मुरडू नका. मी दातेरी चाकं कापणारी एक जुनी मशीन आहे. मी कापलेलं एक चाक एकदा मावशीच्या हातातून निसटलं, फाटकाबाहेर गडगडत गेलं आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत सगळं गाव फिरून परत आलं. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. मला तीच चालवायची.

आमच्या कारखान्यात छपाईची यंत्रं बनत आणि समुद्रापलीकडच्या एका देशात जात. त्या देशाने आम्हाला जकात माफ केली होती. अट एकच, यंत्राचा निम्म्याहून जास्त भाग आमच्या हातचा हवा. त्या माफीवर सगळ्या कामगारांच्या चुली पेटत. मालक पाहुण्यांना सांगत, "आमची म्हातारी बघा, अजून दात शाबूत आहेत!"

मग त्यांना बाहेरची स्वस्त, चकचकीत चाकं मिळाली.

मावशी म्हणाली, "साहेब, मोटर बाहेरची, आता चाकंही बाहेरची. मग आपला काय, नुसता रंग?"

"मावशी, हिशोब मला शिकवू नका. घरी बसा, आराम करा."

मला बंद केलं. पुढचा माल बंदरावरच अडला. हे यंत्र तुमचं नाहीच, असं तिथले अधिकारी म्हणाले. माफी गेली, जकात बसली, गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. एकेक शेड ओस पडली.

"हिला चालू करा, माफी परत मागता येईल," मावशी काकुळतीला आली.

"तोवर पगार कुठून देऊ?" मालकांनी मान खाली घातली आणि भंगारवाल्याला बोलावलं.

फुली असेल तेच त्याची माणसं उचलून नेत. त्याने माझ्यावरही खडूने फुली मारली. मावशीने सकाळी येऊन ती पुसली आणि मला तेलाने न्हाऊ घातलं. तेलकट लोखंडावर खडू उमटतो थोडाच?

"काल फुली होती ना इथे?" तो डोकं खाजवत म्हणाला.

"म्हातारी लाजरी आहे हो. पुसली असेल तिनेच!" मावशी म्हणाली.

असं रोज चाललं. आज मात्र तो रंगाचा डबा घेऊन आला. मावशीला फाटकावरच अडवलंय. तेलाची बुधली हातात घेऊन ती रखवालदाराला विनवते आहे, मला ऐकू येतंय.

मित्रांनो, तिला आत सोडायला सांगा. एकच चाक कापू द्या आम्हाला. या वेळी ते गाव फिरायला जाणार नाही, थेट मालकांच्या टेबलावर जाऊन उभं राहील. पण लवकर करा. रंग ओला आहे तोवरच पुसता येतो.