चौथा शब्द

माझ्या जावेचं काम एका शब्दापायी गेलं, आणि तो शब्द तिच्या तोंडात मीच घातला. उगाच दुसऱ्या कुणावर खापर कशाला फोडू?

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून तिनेच मला वळण लावलं. एकदा बाजाराला निघताना ‘जाते’ म्हणाले, तर उंबऱ्यातून परत बोलावलं. जाते म्हणू नये गं, येते म्हणावं. पुढे आम्ही नवराबायको पोटासाठी या परक्या देशात आलो. दीर गेल्यावर राहतं घर विकून तीही आली आणि मी राबायची त्याच लॉन्ड्रीत कामाला लागली. इथे मात्र उलटी गंगा. शिकवणारी मी, शिकणारी ती.

लॉन्ड्री म्हणजे हॉटेलांच्या चादरी. तापलेल्या रुळांत एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने कोरडी ओढायची, दिवसभर. वाफेने तोंड उकडतं, ब्लीचने छाती भरते, आणि पाणी प्यायला जायचं तरी मुकादमाला विचारा. जावेला पहिल्या महिन्यापासूनच खोकला लागला होता. इथल्या भाषेतले तिला चारच शब्द येत. हो, नाही, माफ करा. आणि चौथा तिने मागून घेतला. निघताना ‘येते’ म्हणायचं, ते यांच्यात कसं म्हणतात गं? मी दीडशहाणीने शब्दाला शब्द लावून दिला.

त्या मंगळवारी मी खाली ट्रक भरत होते. वर तिला श्वास घेता येईना. मुकादमाकडे गेली, छातीवर हात ठेवला, ‘येते’ म्हणाली आणि आमच्या खोलीवर जाऊन पडली. तो समजला, बाई पाणी पिऊन येतेय. त्यांच्यात येते म्हणजे येतेच की हो! रूळ तापत राहिले, आतल्या चादरी करपल्या, सगळीकडे धूर झाला.

दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत पाठवलं. काम गेलं की इथे राहायचा परवाना जातो. महिन्याच्या आत देश सोडायचा, आणि जायचं कुठे? घर तर विकलेलं.

मी तरातरा मुकादमाच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, चूक माझी आहे, आमच्यात निघताना असंच म्हणतात, बाईने फसवलं नाही तुम्हाला. माणूस वाईट नाही, सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, हुकूम वरून आलाय, माझ्या हातात काही नाही. आणि लगेच विचारलं, तिचं मशीन रिकामं आहे, थोडा पगार वाढवतो, दोन्ही सांभाळशील का? नाहीतर बाहेर रांग लागलीय.

माझा नवरा पाठ मोडून दोन महिने अंथरुणात आहे, पोरांची तोंडं माझ्याकडे लागलेली. मी हो म्हणाले.

खोलीवर आले तर ती माझ्या पोरांचे कपडे घडी करत बसली होती. काय झालं म्हणून तिने विचारलं नाही. न सांगता निभलं असतं, पण माझ्याने राहवेना.

“ताई, तुमचं मशीन मी घेतलं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती बराच वेळ खोकत राहिली. मग हातातला सदरा खाली ठेवून म्हणाली, “बरं केलंस. डावीकडचा रूळ जास्त तापतो बघ. बोटं सांभाळ.”