पाऊण इंच

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबकळते ना, तीच. साठ इंचांची, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. आता रंग उडाला आहे आणि एक ते वीस हे आकडे जवळजवळ पुसले गेले आहेत. काचेच्या एका बरणीत मला गुंडाळून ठेवले आहे. बरणीतून सगळे दुकान दिसते, आणि दिसते म्हणूनच बोलावेसे वाटते.

कारखान्यात सुती पट्टीवर लेप चढवून मला छापाच्या रुळाखालून काढले, तेव्हा अंगावर आकडे उमटले. मग पोलादी पट्टीशेजारी ठेवून माझी परीक्षा झाली. केसाएवढाही फरक निघाला नाही. त्या गोष्टीचा मला फार अभिमान वाटे. तो अभिमानच पुढे नडला.

मास्तरांनी दुकान थाटले त्याच आठवड्यात मला विकत आणले. दुकान म्हणजे एक खोली. पुढे रस्ता, मागे पडदा, आणि पडद्याआड घर. एक शिवणयंत्र मास्तरांचे, एक बाईंचे. बाई म्हणजे त्यांची बायको. काजे, बटणे, तुरपाई त्यांच्याकडे, आणि मापे लिहिणेही त्यांच्याकडेच. मास्तर मला गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकत आणि मोठ्याने म्हणत, "छाती अडतीस." बाई वहीतून मान न काढता म्हणत, "अडतीस." "बाही तेवीस." "तेवीस." त्या आवाजात आकडा चुकायची सोयच नव्हती.

बाईंचा एक नेम होता. सकाळी यंत्राला हात लावण्याआधी त्या डोळे मिटून प्रार्थनेच्या चार ओळी म्हणत. अंगात ताप असो की दारात गिऱ्हाईक असो, नेम चुकला नाही. मास्तर तोवर कात्रीला तेल देत बसत.

"तुम्हीही म्हणा की कधी," बाई म्हणत.

"तुझ्यातच माझी उरकून घे. देवाला आवाज ओळखीचा लागतो."

समोरच्या गोदामात पोती वाहणारा एक हमाल आमच्याकडे सदरे शिवायला येई. त्याला सगळे पैलवान म्हणत. ओझे तो नेहमी उजव्या हातानेच उचली. त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा सव्वा इंच जाड भरला, तेव्हा मास्तरांनी मला दोनदा फिरवून पाहिले. "तुझा सदरा म्हणजे दोन गिऱ्हाइकांचं काम आहे रे. शिलाईपण दोघांची दे."

बाकावर एक डॉक्टरीणबाई आपल्या पांढऱ्या कोटासाठी थांबल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मास्तर, शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. दंडाला रोज ओझं पडलं की तिथं नव्या पेशी फारशा येत नाहीत. आहेत त्याच जाड होतात. घरात माणसं तेवढीच, पण एकेक जण रुंद झाला, असं समजा."

"म्हणजे माझं सासर," बाई म्हणाल्या. मास्तरांसकट सगळे हसले.

पुढे पैलवानाचे मनगट मोडले. चार महिने तो घरी बसला आणि परत आला तेव्हा त्याची उजवी बाही ढगळ झाली होती. काम थांबले की पेशीही ओसरतात, हे मी त्या दिवशी शिकले. कोणाचे काय वाढले, काय उतरले, हे माझ्याइतके कोणाला कळत नाही असे मला वाटू लागले.

पण स्वतःकडे कोण बघतो? मळले की बाई मला साबणाच्या पाण्यात धूत. मी सरळ वाळावे, सुरकुती राहू नये, म्हणून एक टोक खिळ्याला अडकवत आणि दुसऱ्या टोकाला जड कात्री बांधत. किती मायेने करत. वर्षानुवर्षे मी ओली होऊन त्या कात्रीच्या वजनाने लोंबत राहिले. तुम्ही वाढता, मित्रांनो, कारण तुमच्यात पेशी आहेत, जीव आहे. मी नुसती ताणली जाते. माझे आकडे एकमेकांपासून दूर सरकत होते आणि मला पत्ताही नव्हता. दुकानात कोणालाच नव्हता. अंग मोजायला मीच, कापड मोजायलाही मीच. खोट दोन्हीकडे सारखी, म्हणून कपडे अंगावर नीट बसत.

एका सकाळी बाईंनी आपला बंद गळ्याचा निळा सदरा काढला. लग्नाच्या वर्षी मास्तरांनी शिवलेला. "अहो, हा गळ्याशी घट्ट होतोय."

मास्तरांनी मला त्यांच्या मानेभोवती घेतले. "तेरा. लग्नाच्या वर्षी तेरा, आजही तेरा. तू आहेस तेवढीच आहेस, सदरा आटलाय."

"गिळतानाही काहीतरी अडकल्यासारखं होतं."

"उभ्याउभ्या जेवतेस म्हणून."

त्यांनी लगेच नवा सदरा बेतला. माप माझे, बेतणेही माझ्यावर. तो छान बसला. बाईंनी आरशात बघत गळ्यावरून एकदा हात फिरवला. मीही ताठ मानेने मास्तरांच्या गळ्यात बसले होते. टेप कधी खोटे सांगेल का?

पुढच्या वर्षी माप तेराच भरले, तिसऱ्या वर्षी सव्वातेरा. "वय झालं की पाव इंच चालायचंच," मास्तर म्हणाले. बाईंचा आवाज मात्र जाडसर झाला. "अडतीस" म्हणताना मध्येच तुटे. गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, खडीसाखर झाली. नेमाच्या चार ओळींत त्या आता दोनदा श्वास घेत.

मग डॉक्टरीणबाई नवा कोट शिवायला आल्या. मास्तर म्हणाले, "खांदा पंधरा." बाई म्हणाल्या, "पंधरा." डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिले ते आवाजाकडे.

"वहिनी, जरा उजेडात या. एक घोट पाणी प्या बघू."

बाईंनी पाणी गिळले. गळ्याच्या पुढच्या भागात काहीतरी वर सरकले आणि खाली आले. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून स्वतःची टेप काढली आणि गळ्याभोवती धरली. "चौदा."

"नाही हो," मास्तर हसत म्हणाले, "सव्वातेरा. परवाच घेतलंय."

"चौदा आहे, मास्तर."

मास्तरांनी मला मेजावर सरळ केले. डॉक्टरीणबाईंनी त्यांची टेप माझ्याशेजारी ठेवली, टोकाला टोक लावून. त्यांच्या चौदाशेजारी माझे सव्वातेरा आले. बरोबर पाऊण इंच. मास्तरांनी अंगठ्याने मला दाबून पाहिले, जणू मी आखडेन म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मीठ कुठलं वापरता?"

"सुटं. कोपऱ्यावरच्या पोत्यातलं," बाई म्हणाल्या.

"गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. तिला आयोडीन लागतं आणि सुट्या मिठात ते बहुधा नसतं. तुमच्या ग्रंथीला सामान पुरेना, पण मेंदूकडून निरोप येतच राहिला, काम वाढव. मग तिच्या पेशी आधी एकेक करून मोठ्या झाल्या, पुढे संख्येनेही वाढल्या. पैलवानाला घरी बसता आलं. हिला कोण बसू देणार? अपुऱ्या सामानात जीव तोडून राबली बिचारी."

मास्तरांनी हळूच विचारले, "आधी आलो असतो तर?"

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत राहिल्या. "पहिल्या वर्षी कदाचित मीठ बदलून आणि गोळ्यांवर भागलं असतं. आता गाठी झाल्यात, श्वासनळी दबलीय. ग्रंथी काढावीच लागेल. आवाजाची नस अगदी मागूनच जाते. शस्त्रक्रिया करणारे जपतील. पण मी शब्द देत नाही."

मी मेजावर पडून होते. बाईंनी तीन वर्षे सांगितले होते, आणि मास्तरांनी माझे ऐकले होते.

इस्पितळात जायच्या सकाळी बाई नेमाप्रमाणे यंत्रासमोर बसल्या. मास्तरांनी कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. ते बाईंजवळ जमिनीवर बसले. बाई एक ओळ म्हणत, मास्तर तीच मागून म्हणत. शेवटची ओळ बाईंनी दोनदा म्हटली. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नाही.

बाई वाचल्या, देवाची कृपा. आवाज वाचला नाही. फुंकर मारावी एवढेच शब्द उरले, तेही अगदी कानाशी. मास्तरांनी न ताणणारी नवी टेप आणली. दर आठवड्याला ते तिला पोलादी पट्टीवर ठेवून बघतात. मला मात्र ते फेकून देणार होते. कचऱ्याचा डबा उघडलाही होता. बाईंनी त्यांचा हात धरला आणि कानाशी काही सांगितले. मास्तर म्हणाले, "तू कशाला स्वतःला बोल लावतेस? कात्री बांधायचीस ती मायेने. न ऐकणारा मी." त्यांनी मला डब्याऐवजी बरणीत ठेवले.

मित्रांनो, घरातले मीठ बघून घ्या. हातातले माप मधूनमधून ताडून बघा, ते कितीही जुने आणि लाडके असले तरी. आणि आपले माणूस म्हणाले की मला कुठे तरी घट्ट होतंय, तर टेप शोधायला धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा.

आताही मास्तर म्हणतात, "छाती अडतीस," आणि थांबतात. बाई बोटात घातलेले धातूचे अंगुस्तान मेजावर वाजवतात. टक. म्हणजे लिहिले. सकाळच्या चार ओळी आता मास्तर म्हणतात, बाईंचे नुसते ओठ हलतात. तिसऱ्या ओळीत मास्तर रोज एक शब्द चुकतात. टक, अंगुस्तान वाजते. मास्तर ती ओळ पहिल्यापासून म्हणतात.