डोक्याकडची जागा

शस्त्रक्रिया ही आयुष्यभराची साधना असून खरा सर्जन अखेरच्या श्वासापर्यंत विद्यार्थीच राहतो. आमचे जबड्याचे सर्जन मात्र विद्यार्थी झाले ते नोंदणीच्या नूतनीकरणाला गुण कमी पडत होते म्हणून. हे गुण उजळणी वर्गात बसून मिळतात. नुसतं बसून; जागं राहण्याची अट नाही.

या खेपेला सोबत वहिनीही होत्या. वहिनी म्हणजे सर्जनच्या थोरल्या भावाची बायको, आणि त्यांच्याच ऑपरेशन थिएटरातल्या भूलतज्ज्ञ. जबड्याच्या कामात पंचाईत अशी, की सर्जनला तोंडात हात घालायचा असतो आणि पेशंटचा श्वासही तिथूनच, नळी घालून, चालू ठेवायचा असतो. एका ओट्यावर दोन सुगरणी. दीर-भावजयीचे रोज खटके उडत. शेवटी एकदा जेवताना वहिनींनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून मी डोळ्यांच्या दवाखान्यात जातेय. तिथे माझ्या नळीवर कुणी कोपर टेकवत नाही."

सर्जन "बघू" म्हणाले. दुसरे भूलतज्ज्ञ मिळाले असते. पण वहिनी पेशंटच्या डोक्याशी बसल्या की सर्जनचं मन ठिकाणावर राही. हे वहिनींना माहीत नव्हतं, कारण सर्जननी कधी सांगितलंच नव्हतं.

वर्गात दुपारी अदलाबदलीचा तास होता. सर्जननी भूल द्यायची, भूलतज्ज्ञांनी ड्रिल धरायचं. टेबलावर रबरी पुतळा, शेजारी मॉनिटर. औषध दिलं असं धरून पुतळ्याचा श्वास थांबवण्यात आला. आता सर्जननी मास्क दाबून धरायचा आणि हवा द्यायची.

वहिनींनी हातमोजे चढवले.

"झोपला का हो, भाऊजी?"

"आत्ता तर दिलंय."

"मग सुरू करू?"

"थांबा जरा."

"थांबतेच आहे. पुढच्या केसेस खोळंबल्यात माझ्या. आणि ते डोकं इकडे वळवा, मला काही दिसत नाही."

ही सगळी वाक्यं सर्जनची स्वतःची होती, रोजच्या वापरातली. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मास्कच्या कडेनं हवा फुस्स करून निसटत होती. पुतळ्याची छाती ढिम्म. रक्तातला प्राणवायू उतरला की मॉनिटरचा सूर उतरतो. तो उतरतच चालला.

"टेबल वर घ्या. नको, खालीच बरं होतं," वहिनींचं चालूच होतं.

"वहिनी, गप्प बसा की जरा! माणूस जातोय इथे!"



"हे वाक्य," वहिनी म्हणाल्या, "मी रोज गिळते."

मग ड्रिल खाली ठेवून त्यांनी दिरांची बोटं धरली आणि पुतळ्याच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे नेऊन टेकवली. "उचला वर. जबडा तुमचाच विषय ना?"

छाती फुगली. सूर चढला. सर्जनच्या कपाळावरचा घाम पुतळ्याच्या नाकावर पडला. पुतळ्यानं तक्रार केली नाही.

शेवटी प्रत्येकाला विचारलं, आज काय शिकलात? बहुतेकांनी व्यवस्था उत्तम होती असं सांगितलं. सर्जन उभे राहिले.

"शुद्धीवर आल्यावर पेशंट माझे हात धरतात. मी धरू देतो. ज्यांनी त्यांना तोवर जिवंत ठेवलं, त्या तेव्हा पुढच्या पेशंटपाशी असतात. वहिनी, आजवरची सगळी ऐट तुमच्या जिवावर केली. मी आभारी आहे."

बसताना त्यांना खुर्ची सापडेना. वहिनींनी ती मागून पुढे सरकवली.

गाडीत सर्जन म्हणाले, "नका जाऊ तिकडे."

"बरं. राहते."

"एवढ्यात?"

"चारचौघांत इतकं बोललात, आता काय करणार!"

"कोपर टेकवणार नाही पुन्हा."

"टेकवाल. निदान विचारून टेकवा."

घरी आल्यावर सर्जननी भावाला सांगितलं, "दादा, आभाराच्या दोन शब्दांनी माणूस थांबतो रे." दादा मान डोलवत राहिला. डोळ्यांच्या दवाखान्यानं ती जागा आदल्या सोमवारीच दुसऱ्या कुणाला दिल्याचं वहिनींनी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.