मागच्या रिकाम्या सीटवरची पोरं

"स्टिअरिंगवरचा हिरवा दिवा लागलाय, आई. आता गाडी चालवेल, सोड हात," जनेल म्हणाली.

"सोडतेय गं." आर्डिथनं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

कीर्नी गाव मागे पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापणी झालेला मका, मध्ये लिंकनपर्यंत जाणारा रुंद हायवे. आर्डिथ सत्त्याहत्तर वर्षांची. त्यातली अडतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली, आणि चालत्या बसमध्ये दोन्ही हात कधी सोडले नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात संधिवात मनगटांत उतरला. दर रविवारी दोन तास गाडी चालवून लिंकनच्या वृद्धाश्रमात बहिणीकडे पोचेपर्यंत तिची बोटं आखडून जायची. जनेलनं स्पष्ट सांगितलं होतं, हायवेवर आपणहून चालणारी ही नवी गाडी आज जमली तर एकटी जा, नाहीतर महिन्यातून एकदा मी नेईन.

महिन्यातून एकदा. बहीण, डोलोरेस, पंच्याऐंशीची होती.

आर्डिथनं एक बोट उचललं, मग चार, मग दोन्ही हात इंचभर वर धरले. पुढे हलकं वळण आलं. स्टिअरिंग आपणहून तेवढंच फिरलं.

"ही वळली," ती हळूच म्हणाली. "मी काही केलं नाही आणि ही वळली." आणि ती हसतच सुटली.

तेवढ्यात सीट थरथरली. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली: रस्त्याकडे पाहा.

"रस्त्याकडेच तर बघतेय."

दोन मैलांवर पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

"आणखी एकदा झालं की आजच्यापुरतं हिचं आपणहून चालणं बंद," जनेल म्हणाली. आता ती आईचे डोळे बघत होती. "तू सारखी आरशात का बघतेस?"

"कधी बघितलं?"

"आत्ता. चांगले चार सेकंद. मागं गोड कोलाचे-पावांच्या खोक्याशिवाय काही नाही."

आर्डिथ म्हणाली, "मोजते मी. बसमध्ये बावन्न पोरं असायची. कोण उभं राहिलं, कोण कुणाला चिमटे काढतंय..."

"अजून मोजतेस?"

"तुला सगळ्यात आधी मोजायचे. चौथ्या सीटवर कार्टी एक मिनिट धड बसायची नाही."

जनेलला हसू आवरेना. "आरशात बघ, पण लगेच रस्त्यावर ये. मोजू नकोस. सगळी घरी पोचलीत."

आर्डिथनं मान डोलावली. आरसा, रस्ता. आरसा, रस्ता. पुढचे शंभरेक मैल सीट शांत राहिली. हात मांडीवर पडून होते, आणि ती शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्यांकडं असं बघत होती, जणू हात कुठंयत असं त्यांनी विचारावंच. लिंकनच्या फाट्यावर गाडीनं स्टिअरिंग परत मागितलं. तिनं ते घेतलं आणि गावातून स्वतः चालवत आली.

पार्किंगमध्ये जनेल म्हणाली, "पुढच्या रविवारी मला घरी बरीच कामं आहेत."

"असू देत," आर्डिथ म्हणाली.

डोलोरेस खिडकीपाशी बसली होती. "कुणी आणलं तुला?"

"कुणी आणायला कशाला पाहिजे?"

आर्डिथनं पर्समधून नेलकटर काढलं. बहिणीची वाढलेली नखं ती एकेक करून कापू लागली. बोटं ठणकत नव्हती. पाचवं नख झालं, तेव्हा डोलोरेसनं न सांगताच दुसरा हात पुढं केला.