गौरींच्या मागचा राउटर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक अंधारी खोली मनात आणा. एका टोकाला टॉर्च लावून ठेवलाय. दुसऱ्या टोकाला तुम्ही पुस्तक घेऊन बसलात, अक्षरं नीट दिसतायत. इतक्यात कुणीतरी येऊन टॉर्चच्या पुढ्यात तांदळाची मोठी स्टीलची कोठी ठेवली. टॉर्च विझला का? नाही, तो तसाच जळतोय. पण तुमच्या पुस्तकावर कोठीची सावली पडली. भिंतींवरून, कडेकडेने थोडा उजेड येतो तेवढाच.

आता डोळे उघडा. योगिनीच्या घरी गौरीपूजनाच्या दिवशी अशीच सावली पडली होती. फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

योगिनी पाचवीत होती. ठाण्यात वर्तकनगरच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर तिचं घर. घरात आई भावना, बाबा संदेश आणि आजी गोदूबाई. गोदूबाई मूळच्या देशावरच्या. त्यांच्याकडे गौरींना अंग म्हणून धान्याने भरलेल्या स्टीलच्या कोठ्या ठेवतात. त्यांना साड्या नेसवायच्या, वर मुखवटे ठेवायचे. बाहेरच्या खोलीत टेबलावर दोघी अशा थाटात उभ्या होत्या की येणारी प्रत्येक बाई आधी साडीचा काठ बघायची आणि मग हात जोडायची.

आणि त्याच दिवशी चार वाजता भावनाची मुलाखत होती, लॅपटॉपवरून. कंपनी बेंगळुरूची, तिथे काही गौरींची सुट्टी नव्हती. योगिनी लहान असताना भावनाने हिशेबाची नोकरी सोडली होती. आता घरी बसून करता येईल असं काम मिळत होतं आणि ही शेवटची फेरी होती. तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, केस नीट केले, लॅपटॉप उघडला. पडद्यावरचा तिचा चेहरा एकदा हलला आणि थिजला.

"संदेश, नेट गेलंय," ती आतून म्हणाली.

"रिचार्ज तर केलंय गं. थांब, कंपनीला फोन लावतो." संदेशने फोन कानाला लावला. पलीकडे संगीत वाजत राहिलं.

"मोबाइलचं नेट घे की," गोदूबाई म्हणाल्या.

"आई, आतल्या खोलीत एक काडी रेंज येते. आवाजच तुटतो," भावना आतून म्हणाली.

"मग शेजारी जाऊन बस."

"शेजारी कुलूप आहे. सगळे कोकणात गेलेत ना."

बाहेर तर बसायची सोयच नव्हती. हळदीकुंकवाला बायका यायला लागल्या होत्या.

योगिनीने बाबांना विचारलं, "बाबा, राउटर कुठेय?"

"गौरींच्या मागे, फळीवर. का गं?"

ती टेबलापाशी गेली. दोन गौरींच्या मधल्या फटीतून तिने एक डोळा मिटून पाहिलं. मागे अंधारात छोटे हिरवे दिवे लागले होते.

"बाबा, फोन ठेवा. दिवे हिरवे आहेत. बाहेरून नेट येतंय."

"मग आत का जात नाही?"

तिने बाबांचा मोबाइल घेतला. टेबलाच्या कडेला उभी राहिली, तर वाय-फायच्या खुणा भरलेल्या. गौरींच्या समोर आली, तर कमी. आतल्या खोलीच्या दारात गेली, तर जेमतेम एक. परत कडेला, परत भरलेल्या. ती तशी येरझारा घालत राहिली, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ही पोरगी गौरींना प्रदक्षिणा घालतेय का फोनला?"

मुलांनो, वाय-फाय म्हणजे आपल्याला न दिसणारा एक प्रकारचा उजेडच. कापडातून, लाकडी दारातून तो बऱ्यापैकी पार जातो. भिंतीत थोडा अडकतो. स्टील त्याला जाऊच देत नाही. राउटर गेली दोन वर्षं त्याच फळीवर होता, पण त्याच्या पुढ्यात कधी भरलेल्या कोठ्या आल्या नव्हत्या.

योगिनीने बाबांना हे सांगितलं तेव्हा संदेशने कपाळावर हात मारला. "मीच लावल्या कोठ्या. राउटरची बाहेरून येणारी तार आखूड, तो काही हलणार नाही. आई, टेबल जरासं सरकवतो. वीतभर."

गोदूबाईंचा चेहरा उतरला. "अरे, बसवलेल्या गौरी हलवतात का? विसर्जनापर्यंत जागेवरून नाही हलवायच्या."

"आई, तिची मुलाखत आहे."

"मला कळत नाही का? पण..."

आतल्या खोलीचं दार उघडलं. भावना दारात उभी होती. "नका हलवू," ती म्हणाली. "माझ्यासाठी तर नकोच. मी त्यांना सांगते, उद्या घ्या म्हणून." पण तिच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं की ते लोक उद्या घेणार नाहीत.

योगिनी म्हणाली, "वाय-फायने जात नसेल तर तारेने जाईल. तार वाकते. कोठीला वळसा घालून जाईल."

संदेश एकदम उठला. "तार आहे. घरून काम करायचो तेव्हाची, माळ्यावर." त्याने वेटोळं खाली काढलं, एक टोक भावनाच्या लॅपटॉपला लावलं आणि तार भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत आणली. तिथे तो थांबला. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये त्याला शिरता येईना आणि बाहेरून हात पोचेना.

सगळ्यांनी योगिनीकडे पाहिलं.

"आधी हातपाय धुऊन ये," गोदूबाई म्हणाल्या. ती आली तेव्हा त्या स्वतः टेबलापाशी वाकल्या आणि साड्यांच्या खालपर्यंत सोडलेल्या निऱ्या दोन्ही हातांनी अलगद वर धरल्या. "मी धरलंय. डोकं सांभाळ. वर लावू नकोस."

योगिनी तारेचं दुसरं टोक घेऊन टेबलाखालून रांगत पलीकडे गेली आणि भिंतीला पाठ घासत उभी राहिली. राउटरच्या मागे सारख्या दिसणाऱ्या चार खाचा होत्या आणि एक निळी. निळ्या खाचेत आधीच तार होती.

"निळीला हात लावू नको," संदेश बाहेरून म्हणाला. "तिच्यातून नेट घरात येतं."

"माहितीय."

तिने रिकाम्या खाचेत तार घातली. एक दिवा लुकलुकला. आतून भावनाचा आवाज आला, "आलं, आलं. कॉल येतोय त्यांचा." दार लागलं.

योगिनीने हात काढला आणि दिवा विझला. तारेच्या टोकाला प्लास्टिकची एक बारीक जीभ असते, ती खाचेत अडकून तार धरून ठेवते. जुन्या तारेची ती जीभ मोडली होती. योगिनीने टोक पुन्हा दाबलं, दिवा पुन्हा लागला.

"योगे, ये बाहेर," संदेश म्हणाला.

"नाही येत. सोडली की सुटते."

"मग काय करणार?"

"धरून ठेवणार."

गोदूबाईंनी निऱ्या हळूच सोडल्या. बायका येत राहिल्या, गौरींना हळदीकुंकू लावत राहिल्या. मागे कुणी आहे हे त्यांना कळलंही नाही. दाराआडून भावनाचा आवाज सलग ऐकू येत होता, कुठेही न तुटता. योगिनीच्या अंगठ्याला मुंग्या आल्या, तेव्हा तिने दिव्यावरची नजर न काढता दुसरा अंगठा पहिल्याच्या शेजारी आणला, आधी तो दाबला आणि मगच पहिला उचलला.