चांगोच्या वाट्याला न आलेला दांडा

मी झोळीचा दांडा बोलतोय. मुरबाडकडच्या टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. तिथल्याच बेटातला मी एक भरीव बांबू. वाडीतला जाणता म्हातारा काळूरामबाबा, त्याने मला तोडलं, शेकून सरळ केलं आणि आपल्या घराच्या वळचणीला टांगलं. वाडीला रस्ता नव्हता. कुणी आजारी पडलं की माझ्यावर घोंगडी बांधायची, माणूस आत घालायचं आणि डोंगर उतरून सडक गाठायची.

माणसं मोठी गमतीची जात. बांधावरून भांडून वर्षभर एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण हाक आली की तेच दोघे माझ्या दोन टोकांना! खांदा सोलला तरी कुरकुर नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

नियम एकच. झोळीत घातलेलं माणूस सडक लागेपर्यंत बाहेर काढायचं नाही.

एक्याण्णव सालची दिवाळी सरली होती. अर्धीअधिक वाडी वीटभट्टीवर गेलेली. भगीरथची बायको हिरी बाळंतपणात अडली. उरलेल्या चार गड्यांनी तिला झोळीत घातलं आणि मला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात खळ्यावरून लहानी धावत आली. भाताचा भारा उचलताना तिच्या नवऱ्याला, चांगोला, घोणस चावली होती.

"हिला ठेवा रे खाली! हिचं पोर उद्या व्हईल, माजा मानूस तवर नाय ऱ्हानार!"

रानात बांबू पुष्कळ होते, खांदे नव्हते. ती उतरण नुसत्या दोघांना झेपणारी नव्हती. सगळे काळूरामबाबाकडे बघू लागले. चांगो त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. म्हाताऱ्याने माझ्या टोकावर हात ठेवला.

"घातलेलं मानूस काढायचं नाय. आज हिला काढलं, तं उद्या कोनालाबी काढतील. चला!"

आम्ही निघालो. लहानी आणि तिची जाऊ चांगोला गोधडीत घालून मागून उतरत होत्या. दोघींनी जिवाचं रान केलं, पण ओढ्याशी पोचेपर्यंत चांगो गेला. हिरी वाचली. दवाखान्यात तिला मुलगी झाली, काजल.

परतताना चौघे लहानीच्या दारावरून आले नाहीत, मागच्या पायवाटेने गेले. मयतीला सगळी वाडी आली, लाकडं आणली, दिवसकार्य उरकलं. त्यानंतर तिच्या ओट्यावर कुणी टेकेना. शेकोटीला मात्र तोंडं चालायची. "नियम नाय मोडला, ब्येस झालं." "घोणशीचं इख, तो वाचलाच नसता." जो तो स्वतःला सोडवून घेत होता. मला त्यांची चीड यायची आणि कीवही.

पुढे रस्ता झाला, जीप आली. गरज सरो, वैद्य मरो! काळूरामबाबा वारला, तेव्हा लहानीने मला मागून नेलं आणि दुधीच्या मांडवाला लावलं. तेव्हापासून मी तिच्या दारी उभा आहे.

काजल मुरबाडला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायला लागली. माणसाने कसं वागावं, याचाही म्हणे अभ्यास असतो. एक दिवस ती मांडवाखाली येऊन उभी राहिली. आपण जगलो ते बरोबर झालं, एवढं तिला लहानीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"काकी, मी लय वाचलं. नियमाने बघा, नाय तं जीव मोजून बघा. झोळीत दोन जीव व्हते, बाहेर एक. बाबाने बरोबर क्येलं ना?"

लहानी वाल सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बरोबरच क्येलं गो. मला तवाच कळलं व्हतं. पन बरोबर क्येलं म्हनून माज्याजवळ कोनी रडायला नाय बसलं. चूक क्येली असती, तं पाया पडायला तरी आले असते."

काजलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशीच गेली आणि आईला, हिरीला, हाताला धरून घेऊन आली. हिरी मांडवाबाहेरच थबकली.

"आता येतेस व्हय गो?" लहानी म्हणाली, आणि वालाची टोपली बाजूला सारून तिने जागा केली.

मला आता वाळवी लागली आहे. यंदाचा वेल उतरला की मी चुलीत जाईन. एकच खंत आहे. मी वळचणीला होतो तेव्हा काळूरामबाबा माझ्याखाली बसून चांगोचं नाव घेऊन रडायचा. लहानीचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, पण तो कधी गेला नाही. तुम्ही जा, बाबांनो. तुमचं बरोबर असलं, तरी जा.